लिकेज: ऱ्हस्व की दीर्घ?

येऊरच्या डोंगरावर काळं भरून आलं की घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये दोन गोष्टी एकदम सुरू होतात. सगळ्यात वरच्या मजल्याचं छत गळायला लागतं आणि तळमजल्यापासून सगळे व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारायला लागतात, "टेरेसचं काम मागे कोणी केलं होतं हो? वॉरंटी होती ना?" त्यावर कोणीतरी मिनिटाच्या आत उत्तर देतं, "सगळं ग्रुपवर टाकलंय. सर्च करा."

हे 'सर्च करा' म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी सर्च केलेलं नसतं.

मी करतो. इतक्या वेळा करतो की आमच्या सोसायटीत कोण 'पाणी' कसं लिहितं ते मला तोंडपाठ आहे. पहिल्या मजल्यावरच्या काकू देवनागरीत लिहितात, तेही बाणातला ण घालून. चेअरमनसाहेबांचं पाणी रोमन लिपीत, एका 'ए'चं. त्यांच्या चिरंजीवांचं दोन 'ए'चं. खजिनदार 'वॉटर' लिहितात, कारण टँकरच्या बिलावर तेच असतं. सी विंगमधले एक सर नळाचं चित्र टाकून मोकळे होतात. व्हॉट्सॲपच्या शोधखिडकीला हे पाच वेगळे पदार्थ वाटतात. तिला मराठी कळत नाही आणि इंग्रजीही कळत नाही. अक्षराला अक्षर जुळवायचं, एवढंच तिचं काम.

त्यामुळे आपल्याला काय हवंय ते खिडकीत लिहून उपयोग नसतो. ते ज्याने लिहिलं त्याने कसं लिहिलं असेल, ते लिहायचं. 'वॉटरप्रूफिंग' हा शब्द ग्रुपवर कोणी लिहीत नाही, तो फक्त कोटेशनच्या कागदावर असतो. ग्रुपवर असतं 'टेरेसचं काम'. 'सीपेज' इंजिनिअर लिहितो, काकू लिहितात 'भिंतीला ओल आलीये', आणि ज्याच्या बेडवर थेंब पडतोय तो लिहितो, 'हे बघा!!!' आणि खाली फोटो. आता 'हे बघा' शोधायला गेलात तर गेल्या पाच वर्षांतले सगळे फोटो आणि एक घोरपड सापडते.

'लिकेज'चं तर विचारूच नका. देवनागरीत ऱ्हस्व आणि दीर्घ, रोमनमध्ये शुद्ध, घाईतलं आणि उच्चाराबरहुकूम. हे पाच झाले. सहावं फोनने स्वतःहून सुधारलेलं, ते काहीही असू शकतं. यावर उपाय म्हणजे अख्खा शब्द टाकायचाच नाही. खिडकी सहसा शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवत जाते. 'गळ' एवढंच टाकलं तर गळती, गळतंय, गळका पाइप सगळे एकदम येतात. सोबत 'गळ्यातलं मंगळसूत्र सापडलं, ओळख पटवून न्यावं' हेही येतं, पण तेवढं चालायचंच. शब्दाच्या मधला तुकडा मात्र तिला चालत नाही. 'केज' टाकून लिकेज मिळेल ही आशा नको. 'लि'ची एक फेरी, 'ली'ची दुसरी, अशा फेऱ्याच माराव्या लागतात.

याहून वाईट गंमत 'ॲ'ची. ॲग्रीमेंट, ॲडव्हान्स, ॲडमिन. सोसायटीचा अर्धा कारभार याच अक्षराने सुरू होतो. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये. त्याआधी लोक साध्या 'अ'वर अर्धचंद्र चढवून भागवायचे आणि काही कीबोर्डांवरून आजही तसंच उमटतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण आतले कोड वेगळे. म्हणून समोर ढळढळीत 'ॲडव्हान्स दिला' लिहिलेलं असताना खिडकी शांतपणे सांगते, काही सापडलं नाही. अशा वेळी ते पहिलं अक्षर सोडून द्यावं आणि त्याच वाक्यात असेल असा दुसरा साधा शब्द टाकावा. 'चेक' बहुतेक वेळा लागू पडतो.

रक्कम शोधायला जाऊ नये. साडेतीन लाखांचं काम एकाने स्वल्पविराम देऊन लिहिलेलं असतं, दुसऱ्याने न देता, तिसऱ्याने '३.५' लिहून पुढे इंग्रजी एल काढलेला असतो. शिवाय आकडे देवनागरी की रोमन हा प्रश्न उरतोच.

आता खिडकीत शिरायचं कुठून? अँड्रॉइडवर ग्रुप उघडून वरचे तीन ठिपके, तिथून शोध. आयफोनवर ग्रुपच्या नावावर टिचकी, मग शोध. चॅटच्या मुख्य यादीच्या डोक्यावर जी खिडकी आहे तिच्यात शिरू नये. ती सगळे ग्रुप एकत्र ढवळते आणि 'टेरेस' म्हटल्यावर पुण्याच्या मावशीची गच्चीवरची बाग आधी दाखवते.

आतल्या खिडकीशेजारी कॅलेंडरचं चित्र असतं. अँड्रॉइडवाल्यांना ते २०२४ मध्ये मिळालं, बाकीच्यांकडे त्याआधीपासून होतं. तारीख निवडली की त्या दिवसाच्या पहिल्या मेसेजपाशी आपण उतरतो. सोय उत्तम आहे. अडचण एवढीच की सोसायटीत तारीख कोणाच्याच लक्षात नसते, सण असतात. "गणपतीच्या आधी झालं ना काम?" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर मान डोलवावी आणि विश्वास ठेवू नये. टेरेसचं वॉटरप्रूफिंग कोणी भर पावसात करत नाही. जुना कोबा फोडायचा, नवा घालायचा, तो सुकायचा, मग पाणी साठवून पाँडिंग टेस्ट करायची, हे सगळं कोरड्या दिवसांत. म्हणजे काम गुढीपाडव्याच्या आसपासचं. गणपतीत झालं ते कामावरून भांडण, कारण सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभा जवळ आली की सगळ्यांना हिशेब आठवतो.

आणि पाडवा तरी एका जागी कुठे बसतो? २०२१ मध्ये तो १३ एप्रिलला होता, २०२२ मध्ये २ एप्रिलला, २०२३ मध्ये २२ मार्चला. तीन आठवड्यांचा झोल. वर्ष चुकलं तर आपण भलत्याच कोणाच्या तरी पार्किंगच्या वादात उतरतो. तेव्हा आधी त्या वर्षाचा पाडवा कधी होता ते बघावं आणि मग त्याच्या दोन दिवस पुढे उतरावं. ऐन सणाच्या दिवशी अजिबात उतरू नये. संध्याकाळी साडेसहाला ठाणे स्टेशनात उतरल्यासारखं होतं. पुढून गुढ्या, मागून गुढ्या, श्रीखंडाची ऑर्डर, पुन्हा गुढी, आणि आपण ज्याच्यासाठी आलो तो मेसेज पलीकडच्या फलाटावर.

मी स्वतः तारखेपेक्षा भांडणावर भरवसा ठेवतो. कोटेशन टाकणारा माणूस पुटपुटल्यासारखा लिहितो, 'पीएफए' (म्हणजे 'प्लीज फाइंड अटॅच्ड') वगैरे. भांडणारा मात्र स्वच्छ आणि पूर्ण शब्दांत लिहितो. 'निषेध' हा शब्द आमच्या ग्रुपवर आजवर एकदाही अशुद्ध लिहिला गेलेला नाही. 'मनमानी', 'पारदर्शक', 'कमिशन' हेही तसेच भरवशाचे. त्यातलं एखादं सापडलं की वर बघायचं. भांडणाऱ्याने बहुधा मूळ मेसेजला धरून उत्तर दिलेलं असतं. त्या उत्तराच्या डोक्यावरच्या करड्या चौकटीवर बोट ठेवलं की आपण थेट मूळ कोटेशनपाशी जातो. दोन वर्षं मागे, एका टिचकीत. या एका सोयीसाठी मी भांडणाऱ्या सभासदांचा मनापासून ऋणी आहे.

कोटेशन फोटोत असेल तर खिडकी कामाची नाही. फोटोखाली कोणी चार शब्द लिहिले असतील तर तेवढेच ती वाचते, फोटोतला मजकूर नाही. पीडीएफचं फक्त नाव वाचते, आणि नाव असतं 'स्कॅन' किंवा 'न्यू डॉक ७'. इथे ग्रुपच्या माहितीत जाऊन मीडिया, लिंक आणि डॉक्युमेंटचा कप्पा उघडावा आणि महिना धरून सरकत जावं. अँड्रॉइडवर आणखी एक वाट आहे. व्हॉट्सॲपने साठवलेल्या फोटोच्या नावात आधी आयएमजी, मग वर्ष-महिना-दिवस सलग आठ आकड्यांत, मग डब्ल्यूए आणि अनुक्रमांक असतो. फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये ते आठ आकडे टाकले की त्या दिवसाचे सगळे फोटो ओळीने समोर येतात. फक्त एक लक्षात ठेवायचं, ही तारीख फोटो आपल्या फोनवर आला त्या दिवसाची. गळती त्याच्या कितीतरी आधीची असू शकते.

व्हॉइस मेसेजबद्दल काय बोलावं? ए विंगचे काका सगळं तोंडीच सांगतात, तीन मिनिटं चाळीस सेकंद. दुप्पट वेगाने ऐकता येतं, पण त्या वेगात काका रागावलेत की खोकतायत ते कळत नाही.

कधीकधी मेसेज मुळात फोनवरच नसतो. २०१६ पासून हे मेसेज दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात आणि पोचले की कंपनीच्या सर्व्हरवर राहत नाहीत. म्हणजे शोध चालतो तो आपल्या फोनपुरता. फोन बदलताना बॅकअप घेतला नसेल, ग्रुप 'साफ' केला असेल किंवा घर भाड्याने घेऊन आपण गेल्याच महिन्यात ग्रुपात आलो असू, तर दिवसभर शोधा. अशा वेळी जुना फोन न बदललेला सभासद शोधावा. प्रत्येक सोसायटीत असा एक असतो. काच तडकलेली, चार्जर विशिष्ट कोनातच लागणारा, पण इतिहास अखंड. त्यांना चहा पाजावा.

त्यांच्या फोनवरून चॅट एक्स्पोर्ट करून घ्यावी, फोटोंशिवाय. फोटोंसकट घेतली तर शेवटचे १०,००० मेसेजच येतात, फोटोंशिवाय ४०,००० पर्यंत. आमच्या ग्रुपवर १०,००० म्हणजे जेमतेम दिवाळी ते दिवाळी. हाती येते साधी टेक्स्ट फाइल. ती लॅपटॉपवर उघडून कंट्रोल आणि एफ दाबलं की फोनने नाकारलेलं सगळं मिळतं. इथे 'केज' टाकलं तर ऱ्हस्व लिकेजही येतं आणि दीर्घही. शिवाय प्रत्येक मेसेजच्या आधी पाठवणाऱ्याचं नाव असतं, म्हणजे माणूस धरूनही शोधता येतं. मात्र हे नाव त्या फोनमध्ये जसं साठवलंय तसं. तडकलेल्या काचेच्या काकांनी चेअरमनसाहेबांना 'बी ६०३ कटकट' म्हणून साठवलं असेल तर तेच टाकायचं, आणि ती फाइल पुढे कोणाला पाठवायची नाही.

मेसेज सापडला की लोक तो कॉपी करून ग्रुपवर पुन्हा टाकतात. तसं केलं की मूळ तारीख आणि पाठवणारा दोन्ही हरवतात. त्यापेक्षा मूळ मेसेजला धरून उत्तर द्यावं आणि त्यात पुढच्यांच्या सोयीसाठी सगळी स्पेलिंगं एका ओळीत लिहून ठेवावीत. लिकेज, लीकेज, गळती, ओल, टेरेस, वॉटरप्रूफिंग, वॉरंटी. पुढच्या वर्षी कोणी काहीही टाकलं तरी इथेच येऊन पडेल.

हे मी गेल्या जूनमध्ये केलं. दोन मिनिटांत काकूंचं उत्तर आलं, "अगंबाई, कुठे लिकेज?" पाठोपाठ चिरंजीव, "लीकेज अगेन??" मग खजिनदार, "वॉरंटी बघावी लागेल." सी विंगच्या सरांनी थेंबाचं चित्र टाकलं. ए विंगच्या काकांचा व्हॉइस मेसेज आला. रात्री अकरापर्यंत एकसष्ट मेसेज झाले, आणि आता 'लि' टाका, 'ली' टाका नाहीतर 'गळ' टाका, सगळ्यात वर तेच एकसष्ट येतात.