तिच्या हातात आग, माझ्या डोक्याला ताप

नायिकेची आई बाळंतपणात जाते. हे पहिल्या पानावर. दुसऱ्या पानावर बाळ टाहो फोडतं आणि खोलीतल्या विझलेल्या मेणबत्त्या एकदम पेटतात. सुईण किंचाळते, कोपऱ्यातली आंधळी म्हातारी "हीच ती!" म्हणून मटकन खाली बसते आणि कुणीतरी त्या पोरीला घोंगडीत गुंडाळून रातोरात रानात पळवतं. तिसऱ्या पानावर एकोणीस वर्षं उलटलेली असतात. पोरगी एका खानावळीत भांडी घासतेय आणि आपल्या अंगात काही शक्ती आहे याचा तिला पत्ताच नाही. ती चिडली की चूल भडकते, ती रडली की दिवे मंदावतात, हे एकोणीस वर्षं चाललंय. बाईंना शंका म्हणून येत नाही.

पुस्तक हातात ठेवताना भाचीने बजावलं होतं, "मामा, तू लॉजिक काढत बसू नकोस. नुसतं वाच." रोमान्स अधिक फँटसी, म्हणून या प्रकाराला हल्ली रोमँटसी म्हणतात. ऑक्सफर्डच्या २०२४ सालच्या 'वर्ड ऑफ द इयर'च्या अंतिम यादीत हा शब्द होता आणि तो 'ब्रेन रॉट'कडून, म्हणजे 'मेंदू सडणे'कडून, हरला. माझ्या अनुभवाने सांगतो, दोन्ही एकाच वेळी होऊ शकतात.

मालिकेचा सांगाडा तसा सोपा आहे. एका राजाच्या चार मुली, एकेकीला जन्मतःच एकेक शक्ती, चौघी चार दिशांना लपवलेल्या. एका भागात एका बहिणीला तिची शक्ती सापडते, शत्रू सापडतो आणि नवरा सापडतो. यातले शेवटचे दोन बहुतेक वेळा एकच निघतात. आई पहिल्याच पानावर गेली तर मागच्या तिघी आल्या कुठून, हे मी भाचीला विचारलं होतं. "मामा. लॉजिक."

बहिणींची नावं मी इथे लिहीत नाही, कारण ती मला म्हणता येत नाहीत. प्रत्येक नावात दोन वाय, एक एक्स आणि मध्येच हवेत लटकलेला अपॉस्ट्रॉफी. उच्चारांचा तक्ता पुस्तकात आहे, पण अगदी शेवटच्या पानावर. म्हणजे माणूस साडेसहाशे पानं तोंडाला येईल ते म्हणून मोकळा झाल्यावर. त्यामुळे घरात आम्ही त्यांना अग्नी, पाणी, वारा आणि धाकटी असं म्हणतो. धाकटीकडे माती आहे, पण एवढ्या गोड मुलीला 'माती' म्हणवत नाही.

नकाशाचंही तसंच. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला दोन पानभर नकाशा असतो. डोंगर, जंगलं, 'शापित दलदल', सगळं कसं रेखीव. फक्त ज्या राजधानीसाठी चार भाग लढाई चाललीय ती नेमकी दोन पानांच्या शिवणीत गेलेली. पुस्तक उलटं वाकवून, बाइंडिंगचा कडकड आवाज ऐकत मी ती शोधली. अर्धा बुरूज दिसला.

आता शक्तीबद्दल. अग्नीच्या हातातून ज्वाळा निघतात. पण कधी? नायकाने तिच्याकडे बघून एक भुवई उंचावली की निघतात. पहिल्या चुंबनाला पडदे पेटले, दुसऱ्याला तंबू. आणि शत्रूने चहूबाजूंनी घेरलं तेव्हा? तेव्हा बाईंनी तळहात पुढे केले, डोळे मिटले आणि एक ठिणगी उडाली. एक. का, तर तिचा स्वतःवर अजून विश्वास बसला नव्हता. ब्रँडन सँडरसन या फँटसी लेखकाने २००७ साली एका लेखात नियमच मांडलाय, की जादूने संकट सोडवायची लेखकाची ताकद ही वाचकाला ती जादू किती समजलीय यावर ठरते. आमच्या मालिकेत हा नियम पोचलेला नाही. इथे जादूला एकच नियम आहे: प्रकरण संपायला किती पानं उरलीत. वीस असतील तर नाकातून रक्त येऊन नायिका कोसळणार. दोन असतील तर डोंगर फुटणार.

नायक पाचशे वर्षांचा आहे. दिसतो अठ्ठावीसचा. त्याला सावल्यांचे पंख आहेत, त्याच्या नावाने तीन राज्यं थरथरतात आणि त्याच्या अंगाला पाइनचा, चामड्याचा आणि वादळाआधीच्या हवेचा वास येतो. वादळाआधीच्या हवेचा वास साबणाने जातो का, हे कुठे दिलेलं नाही. तो बोलत नाही. पाचशे वर्षांत त्याला जमलेली संवादाची पद्धत म्हणजे जबड्याचा एक स्नायू आवळणे. राग आला, आवळला. प्रेम दाटलं, आवळला. नायिका प्रत्येक वेळी तो स्नायू बघते आणि चुकीचा अर्थ काढते. मग 'आपण श्वास रोखून धरला होता हे तिला तो सोडल्यावरच कळलं' हे वाक्य येतं. येतंच. दर प्रकरणात कुणीतरी श्वास रोखून विसरलेलं असतं. एवढी माणसं गुदमरून मेली कशी नाहीत याचंच नवल.

बरं, दोघांची ओळख कशी होते? ती त्याच्या गळ्याला सुरी लावते. त्याला हसू येतं. माझ्या भाचीच्या पिढीत ही अत्यंत रोमँटिक गोष्ट समजली जाते. त्यानंतर दोघं शत्रू म्हणून एकत्र प्रवासाला निघतात, वाटेत पाऊस लागतो आणि सरायीत एकच खोली शिल्लक असते. खोलीत पलंग एकच. या पलंगाशी माझं जुनं वैर आहे. ज्या माणसाने दुसऱ्या प्रकरणात नुसत्या बोटाच्या इशाऱ्यावर काळ्या संगमरवराचा राजवाडा उभा केला, त्याला एक जास्तीची गादी उभी करता येऊ नये? पण नाही. तो म्हणतो, "मी जमिनीवर झोपतो." ती म्हणते, "वेड्यासारखं करू नकोस." मध्ये उशी ठेवली जाते. पहाटे उशी कुठे असते हे मी सांगायची गरज नाही.

एका रात्री असाच जागा होतो, तर बायको कूस बदलून म्हणाली, "दिवा बंद कर रे. होणारच आहे त्यांचं."

"होणारच आहे गं, पण तिला अजून माहीत नाही. ते दोघं जन्मापासून एकमेकांशी बांधलेले आहेत. नियतीनेच. त्याला पाचव्या प्रकरणातच कळलंय."

"मग सांगत का नाही?"

"तिच्या भल्यासाठी."

ती उठून बसली. "म्हणजे लग्न ठरलंय, सगळ्यांना माहितीये, फक्त मुलीला कुणी सांगितलेलं नाही. यात जादू कसली आलीय?"

मला उत्तर सुचलं नाही. दिवा बंद केला आणि पांघरुणात मोबाइलच्या उजेडात वाचलं.

तिचं म्हणणं खरंच होतं म्हणा. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने या साहित्याची व्याख्या दोनच अटींवर बसवलीय: केंद्रस्थानी प्रेमकथा हवी आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. म्हणजे शेवट फुटलेला आहेच. फोडलाय खुद्द संघटनेने. तरी ती त्या कड्यावरून खाली पडते तेव्हा माझ्या तळहाताला घाम येतो. कड्याखाली नदी असणार हे मला ठाऊक असतं. नदी असतेच. मी तरी पान उलटायच्या आधी पुढचं पान किंचित वर करून बघतो, तिचं नाव दिसतंय का.

आणि रहस्य? 'ती खानावळीतली पोर नसून राजकन्या आहे' या गौप्यस्फोटाला लेखिकेने एक अख्खं प्रकरण दिलंय. वीज कडाडते, म्हातारी दाई रडते, जन्मखूण उजळते. हा धक्का देण्याची पद्धत निदान १७४० पासूनची आहे. त्या वर्षी गॅब्रिएल-सुझान द व्हिलनव या फ्रेंच बाईंनी 'ब्यूटी अँड द बीस्ट'ची मूळ लांबलचक कथा छापली, आणि तिच्यात ब्यूटी ही व्यापाऱ्याची मुलगी नसतेच. राजा आणि परी यांची लपवून वाढवलेली लेक असते. पुढे १७५६ मध्ये दुसऱ्या एका लेखिकेने गोष्ट आटोपशीर केली, तेव्हा हे जन्मरहस्य कापून टाकलं. जगाला छोटी गोष्टच आवडली. आमच्या लेखिकेला ही बातमी कळवावी असं मला फार वाटतं.

कारण पसारा थांबतच नाही. चार भाग म्हणजे चार पुस्तकं असा माझा भाबडा समज होता. पण मध्ये दीड नंबरचं पुस्तक आहे, साडेतीन नंबरचं आहे आणि एक चक्क ०.५ आहे, ज्यात नायकाची आधीची तीनशे वर्षं येतात (जबडा तेव्हाही आवळतच होता). शिवाय पहिल्या भागातल्या पलंगाचा प्रसंग नायकाच्या नजरेतून सांगणारं जादा प्रकरण फक्त रंगीत कडांच्या विशेष आवृत्तीत आहे. भाचीकडे साधी आवृत्ती होती, आता दोन्ही आहेत. कुठल्या क्रमाने वाचायचं यावर तिचं आणि तिच्या मैत्रिणीचं महिनाभर बोलणं बंद होतं.

पुढच्या भागात मागची जोडपी भेटतात ना, तो या सगळ्यातला सर्वांत कठीण भाग. ज्याच्या नावाने तीन राज्यं थरथरत होती तो सावल्यांचा सम्राट दुसऱ्या पुस्तकात अग्नीची शाल हातात धरून दारात उभा असतो. "थंडी वाजतेय का?" अरे, ती आग आहे! पण नाही, सुखी माणसांना काही सांगायची सोय नाही. ते कोपऱ्यात एकमेकांकडे बघत बसतात आणि पाणी समुद्रात एकटी लढत असते.

खलनायकावरून तर आमच्या घरात उभी फूट पडलीय. त्याने दोन गावं जाळली, वाराला साखळदंडात ठेवलं, सख्ख्या भावाला दगड केलं. भाची म्हणते, "मामा, बघ, त्याला स्वतःचं पुस्तक मिळणार."

"त्याने गावं जाळलीयेत!"

"पण त्याचं बालपण बघ ना."

"गावात पण बालकं होती की नाही?"

"त्याचे डोळे राखाडी आहेत, मामा." यावर वाद संपला.

मी मात्र धाकटीसाठी वाचत होतो. पहिल्या तीन भागांत ती जेमतेम दिसते. बाकीच्या तिघी आपली शक्ती दाखवायला डोंगर-दऱ्या हलवतात. ही कोपऱ्यात बसून ऐकते. तिसऱ्या भागात तहाची बैठक आहे. तीसेक माणसं लांब टेबलाभोवती ओरडतायत. समोर शत्रूचा सेनापती बसलाय, डाव्या हाताला जखमेची पट्टी. तो थकून पाण्याचा पेला धाकटीकडे सरकवतो, कारण तिचा रिकामा आहे. एवढंच. आणि टेबलावर शोभेला ठेवलेल्या वाळक्या फांदीला एक हिरवा कोंब फुटतो. कुणाचंच लक्ष नाही. पुढच्या ओळीत भांडण पुन्हा सुरू. मी ते पान परत वाचलं, मग पुन्हा वाचलं. साडेसहाशे पानांत तंबू पेटवून जे साधलं नाही ते लेखिकेने एका काटकीत साधलं होतं. म्हणजे बाईंना येतं. मुद्दाम करत नाहीत.

चौथा भाग आला तो मी अक्षरशः हिसकावून घेतला. आणि साठाव्या पानाच्या आसपास चमत्कार झाला. धाकटी सेनापतीच्या तंबूत गेली, सुरी नाही, पाऊस नाही, आणि तिने सरळ विचारलं, "तुला मी आवडते का?"

मी पुस्तक मिटून ठेवलं. तिघी बहिणी, तीन पुस्तकं, अधलेमधले अपूर्णांक. अग्नी, समुद्र, वादळ सगळं यांच्या हुकमात, पण हा एक साधा प्रश्न कुणाच्याने विचारवला नव्हता. सेनापती "हो" म्हणाला. त्यालाही धाप लागली नाही, स्नायू आवळला नाही.

लेखिकेची मात्र पंचाईत झाली असणार. साठ पानांत प्रेम उरकलं, आणि छापायची होती सहाशे. एकसष्टाव्या पानावर तंबूवर दगड कोसळला आणि सेनापतीची स्मृती गेली.

उरलेली पाचशेचाळीस पानं धाकटी त्याला परत पहिल्यापासून भेटत राहिली. वाटेत पाऊस, सराय, एकच खोली. मी दातओठ खात वाचलं. शेवटच्या लढाईत तिने रणांगणावर जंगल उगवलं, त्याला सगळं आठवलं, शेवट गोड झाला. मी हुश्श केलं.

तरी एक शंका होती, ती मी पहिल्या भागापासून भाचीला सांगत आलोय. एम्पेडोक्लिस या ग्रीकाने मूलतत्त्वं चार सांगितली, ठीक आहे. पण पंचमहाभूतं पाच असतात. अ‍ॅरिस्टॉटललाही चारात भागलं नाही, त्याने वर ईथर नावाचं पाचवं जोडलं. मग आकाश कुठाय? "मामा, लॉजिक," ती म्हणायची. चौथ्या भागाच्या शेवटच्या परिच्छेदात त्या आंधळ्या म्हातारीने डोळे उघडले आणि म्हणाली, "पाच होत्या."

परवा भाचीचा मेसेज आला. पाचवीची गोष्ट एका पुस्तकात मावत नाही, म्हणून दोन खंडांत येतेय. नायक तोच, राखाडी डोळ्यांचा. खाली नाचणाऱ्या बाहुल्या.

मी उलट एवढंच विचारलं: दोन्ही खंड मिळून पलंग किती?