'प्रॅक्टिकल कमी आहे' म्हणजे नक्की काय कमी आहे?

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्टरच्या इंटरव्ह्यूनंतर पोरांच्या पदरात ठरलेला शेरा पडतो: "प्रॅक्टिकल नॉलेज कमी आहे." तोही आपण फोन केला तर. नाहीतर "कळवतो", आणि कळवणं कधी होतच नाही.

देणाऱ्याला सोपा, घेणाऱ्याला बिनकामाचा शेरा. गेज (माप तपासायचं साधन) निवडता आला नाही, ड्रॉइंग वाचता आलं नाही, की माप चुकलं? तिन्हींची तयारी वेगवेगळी.

नेहमीचा प्रकार बघा. टेबलावर मायक्रोमीटर आणि पिन, ड्रॉइंगवर 20 एच9 (स्मॉल एच). म्हणजे पिनचा व्यास 19.948 ते 20.000 मिलिमीटर चालतो. पोरगं पिन पकडतं, थिंबल (फिरवायची नळी) आवळतं आणि 19.96 वाचून "ओके" म्हणतं. साहेब मान हलवून पुढच्या प्रश्नावर. चूक वाचण्यात नाहीच. मायक्रोमीटरची तोंडं पुसून, तो बंद करून शून्य बघितलंच नाही. तिथेच 0.02 जास्त दाखवत असेल तर खरं माप 19.94, पिन रिजेक्ट. शिवाय रॅचेटऐवजी (दाब सारखा ठेवणारं टोकाचं बटण) थिंबलने आवळलं की दाब दरवेळी वेगळा, मापही वेगळं. हे दोन वाक्यांत सांगता येतं. सांगत कोणी नाही.

दुसरी हमखास विकेट: "20 एच7 (कॅपिटल एच) बोअर, म्हणजे होल, कशाने मोजशील?" उत्तर "व्हर्निअर" आलं की कारभार आटोपला. होलची टॉलरन्स (मापातली चालणारी सूट) अख्खी 0.021, व्हर्निअरचा लीस्ट काउंट (वाचता येणारं सगळ्यात लहान माप) 0.02. तिथे प्लग गेज (होलमध्ये घालून बघायचा ठरावीक मापाचा दांडा) किंवा बोअर गेज (आतला व्यास मोजणारा) असं काहीतरी लागतं. (कॅपिटल एच होलसाठी, स्मॉल एच शाफ्टसाठी. इथेही बरेच घसरतात.)

फीडबॅक एचआरला फोनवर मागून उपयोग नाही, त्यांच्यापुढे फक्त शेऱ्याचा कागद असतो. खोलीतून उठायच्या आधी क्वालिटीच्या साहेबांनाच विचारा. "सर, कसा झाला?" असं नको, त्यावर "छान" एवढंच येतं. "सर, मेजरमेंट, ड्रॉइंग, गेज, यातलं कशात मागे पडलो?" असं विचारलं की बहुतेक जण एकावर बोट ठेवतात. घरी जाऊन विसरायच्या आत सगळे प्रश्न वहीत उतरवा.

आणि टेबलावर एकही इन्स्ट्रुमेंट नव्हतं, वीस मिनिटं "टेल मी अबाउट युवरसेल्फ" आणि "वडील काय करतात" एवढंच चाललं, तरी शेरा 'प्रॅक्टिकल कमी' आला, तर तो मनाला लावून घेऊ नका. प्रॅक्टिकल तपासलंच नाही तर कमी ठरवलं कशावरून? बहुतेकदा जागा आधीच भरलेली असते, किंवा पगाराचा आकडा जुळलेला नसतो.

कंपन्यांनाही फार काही करायचं नाही. इंटरव्ह्यू शीटवर एका शेऱ्याऐवजी चार रकाने: मेजरमेंट, ड्रॉइंग, गेज, रिपोर्ट लिहिणं. खूण करायला अर्धा मिनिट.

सिन्नरहून बोलावणं आलं तर निघायच्या आधी फोनवरच विचारून घ्या: पे-रोल कंपनीचा की कॉन्ट्रॅक्टरचा, आणि हातात किती. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर पडतात, वर गेटवरचं ताटकळणं वेगळं.