गाव बदललं की शिकलेला माणूसही अडाणी होतो

बडोद्यात हल्ली आयईएलटीएसचे, म्हणजे परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेचे, क्लास किती झालेत याची गणतीच नको. अलकापुरीत पाहा, कारेलीबागेत पाहा, फतेगंजात तर एकेका जिन्यात दोन-दोन पाट्या. पोरांना जायचंय, त्यांनी खुशाल जावं. मी नाक मुरडणार नाही, आमच्याही घरातली गेली आहेत. पण पोरं तिकडे स्थिरावली की मागोमाग आई-वडील जातात, नातवंडं सांभाळायला. त्यांच्यासाठी एक तरी पाटी दिसते का? त्यांना त्या परीक्षेत कुठले बँड, म्हणजे गुण, काढायचे नसतात, मग त्यांना कोण विचारतो!

माझ्या मोठ्या जाऊबाईंचंच घ्या. जन्मभर इथे मराठी शाळेत शिकवलं, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी असा दरारा. लेकीकडे न्यू जर्सीला गेल्या आणि तोंडाला कुलूप लागलं. औषधाच्या दुकानातली मुलगी जन्मतारीख विचारायची. यांची सात एप्रिल. या आपल्या सवयीने आधी सात सांगायच्या, मग चार. तिकडे महिना आधी, त्यामुळे ती कॉम्प्युटरवर जुलै शोधत बसायची. नाव काही सापडत नाही, मागे रांग वाढतेय, आणि जाऊबाई जावयाला ऑफिसात फोन लावतायत. इंग्रजी येत नव्हतं असंही नाही. वाचता यायचं, समोरच्याचं अर्धंअधिक कळायचंही. बोलायची वेळ आली की घसा कोरडा.

शेवटी लेकीने त्यांना गावच्या पब्लिक लायब्ररीत नेऊन बसवलं. तिथे आठवड्यातून एकदा गप्पांचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स, बिनपगारी. फी नाही, परीक्षा नाही, व्हिसा कुठला ते कोणी विचारत नाही. पहिल्या दिवशी विषय होता दवाखान्यात फोन करून वेळ कशी घ्यायची. एक कोरियन आजी, इक्वाडोरचा एक रंगारी आणि आमच्या जाऊबाई, आळीपाळीने एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने रिसेप्शनिस्ट. वाक्य चुकलं तरी त्या बाई मध्ये तोंड घालायच्या नाहीत. बोलणं पुरं होऊ द्यायच्या आणि मग तेच बरोबर करून सहज स्वतः म्हणायच्या. "मास्तरकी न करता शिकवते गं ती," जाऊबाई मला फोनवर म्हणाल्या. शिक्षिकेच्या तोंडून ही केवढी मोठी दाद!

आता कोणी म्हणेल, तिकडचं सरकार करतं सगळं. तसं नाही. कॅनडात 'लिंक' नावाचे इंग्रजीचे फुकट सरकारी वर्ग आहेत, १९९२ पासून, आणि चांगले आहेत. पण ते मुख्यतः पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळालेल्यांसाठी. सुपर व्हिसावर, म्हणजे पालकांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर, गेलेले आई-वडील सरकारच्या लेखी पाहुणे. एका खेपेत पाच-पाच वर्षं राहू शकणारे पाहुणे! त्यांना त्या वर्गात जागा नाही. त्यांच्या वाट्याला मग लायब्ररी, देऊळ, चर्च, शेजारपाजार.

अमेरिकेतही हे काम मोठ्या प्रमाणावर हौशी माणसांनीच उभं केलंय. न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूज नावाचं शहर आहे. तिथल्या रूथ कॉल्विन या गृहिणीने पेपरात वाचलं की आपल्या शहरात अकरा हजारांवर माणसांना लिहिता-वाचता येत नाही. १९६२ साली तिने चर्चमधल्या बायकांना हाताशी धरून स्वतःच्या घराच्या तळघरात काम सुरू केलं. पुढे त्याची देशभर पसरलेली संस्था झाली. २०२४ मध्ये बाई गेल्या, १०७ वर्षांच्या होऊन. माझा मुद्दा एवढाच की सुरुवात एका बाईने घरातून केली. फंड, बॅनर, प्रमुख पाहुणे, सगळं नंतरचं.

आता इकडे बघू. आमच्या सोसायटीचा वॉचमन बिहारमधल्या सिवानचा, दहावी पास. हिंदी पेपर घडाघडा वाचतो. पण सोसायटीची नोटीस गुजरातीत, बसची पाटी गुजरातीत, पोराच्या शाळेतून येणारी चिठ्ठी गुजरातीत. स्कॉलरशिपच्या फॉर्मची अशीच एक चिठ्ठी दप्तरात पडून राहिली, तारीख टळून गेली, आणि शाळेने वर ऐकवलं की पालकांचं लक्ष नाही.

गंमत बघा. सात वर्षं आणि त्यावरचा जो कोणी कुठल्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकतो, तो जनगणनेत साक्षर. म्हणजे हा साक्षर. केंद्राची 'उल्लास' योजना आहे, २०२२ ते २०२७, पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी, स्वयंसेवकांच्या भरवशावर चालणारी. योजना उत्तम, पण हा माणूस तिच्यात बसत नाही. न्यू जर्सीतल्या आमच्या जाऊबाईही जनगणनेच्या हिशेबाने साक्षरच की! अशी माणसं कुठल्याच सरकारी रकान्यात मावत नाहीत. ती दिसली तर शेजाऱ्यालाच दिसतात, म्हणून हे काम मी शेजाऱ्याचं म्हणते.

आणि काम अवघड म्हणावं तर तेही नाही. देवनागरी येणाऱ्याला गुजराती म्हणजे डोक्यावरची रेघ काढलेली निम्मी ओळखीची अक्षरं. अ, इ, क, ख, च, ज, झ, फ, ब अशी काही तेवढी वेगळ्या वळणाची. जिन्याखाली खुर्ची टाकून मी त्याला बसच्या पाट्यांवरूनच शिकवायला लागले. 'मकरपुरा'त खरा अडवतो तो क. तो एकदा ओळखीचा झाल्यावर पठ्ठ्या गेटवर बसून समोरून जाणाऱ्या टेम्पोंवरची नावं मोठ्याने वाचायला लागला. सोसायटीतल्या काहींना त्याचाही त्रास झाला, असो.

त्याच्या बायकोची गोष्ट वेगळी, तिला कुठलंच अक्षर येत नाही. मी बँकेत होते, अंगठेवाले खातेदार रोज पाहिलेत. बहुतेक बँका त्यांना चेकबुक देत नाहीत. पैसे काढायचे तर स्वतः या, अंगठा उठवा, साक्षीदार आणा, मग कडेला टांगलेल्या कळकट फडक्याला बोट पुसा. तिला मी पाटीवर ग म भ न शिकवायला गेले असते तर दुसऱ्या दिवशी आलीच नसती. तिला हवं होतं ते नेमकं: फोनवरून पैसे पाठवताना पडद्यावर समोरच्याचं जे नाव येतं ते वाचता येणं, आणि आकड्यातली शून्यं मोजता येणं. तिथूनच सुरुवात केली. मोठ्या माणसाला जे आज संध्याकाळी उपयोगी पडेल तेच आज शिकवावं, बाकीचं त्याच्या मागून येतं.

"आम्हाला कोणी शिकवलं होतं? आमचे आजे-पणजे शिकलेच ना," असं आपल्यातलेच, बडोद्यातले मराठी लोक म्हणतात. अहो, इथला गायकवाडांचा दरबारच मराठी होता, आपल्या आजे-पणज्यांचं अडत होतं कुठे! आणि ज्यांच्या नावाने आपण बडोदेकर छाती फुगवतो ते सयाजीराव महाराज १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावाहून इथे आले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. बाराव्या वर्षी मुळाक्षरं गिरवली. शिक्षक म्हणून इलियट साहेब खास नेमले, मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी सगळं मुद्दाम बसून शिकवलं गेलं. पुढे त्याच माणसाने १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून वाचनालयांचं जाळं विणलं, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवल्या. आपण त्यांच्या पुतळ्याला हार घालतो आणि मंडळाचा हॉल बारशा-मुंजींखेरीज वर्षभर बंद ठेवतो.

तेव्हा माझं म्हणणं असं की दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर भागात आपल्या मंडळांच्या ज्या जागा आहेत, त्यातली एक आठवड्यातून एक दुपार उघडी ठेवा. एका टेबलावर परदेशी निघालेल्या आजी-आजोबांचं इंग्रजी, दुसऱ्यावर बाहेरून आलेल्यांचं गुजराती. शिकवणारे आपणच, निवृत्त शिक्षक, बँकवाले, नर्सा. बडोद्यात त्यांना काय तोटा! फी मात्र नाममात्र का होईना घ्यावी असं माझं मत आहे. फुकटात आलेल्याला मिंधं वाटतं, दहा रुपये देणारा हक्काने "पुन्हा सांगा" म्हणतो. आणि शिकायला आलेल्यांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत. पन्नाशीला मुळाक्षरं गिरवताना आपला फोटो निघावा असं कोणाला वाटेल?

वेळेवरून मात्र वाद होणार. सगळे म्हणतात, रविवार सकाळ. पण घरकाम करणाऱ्या बायकांना रविवारीच जास्त राबावं लागतं, आपल्याकडे पाहुणे असतात म्हणून. वॉचमनच्या बायकोला विचारलं तर ती म्हणाली, मंगळवार, दुपारी दोन ते साडेतीन. त्या वेळेला आपले पदाधिकारी वामकुक्षीत असतात, त्यामुळे हॉलची चावी सकाळीच आणून ठेवावी लागेल. ते काम मी करते.