शिबिरातली काठी आणि डोंगरातली काठी

एप्रिल लागला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर उन्हाळी शिबिरांची पत्रके फिरू लागतात, आणि त्यांतल्या बऱ्याच पत्रकांवर हल्ली निसर्ग आणि युद्धकला हे दोन शब्द शेजारी शेजारी छापलेले असतात. गडाच्या पायथ्याशी पाच-सात दिवसांचा मुक्काम, पहाटे लाठीकाठी, दुपारी पक्षिनिरीक्षण, संध्याकाळी दांडपट्टा आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर प्रात्यक्षिके. कल्पना मला मनापासून आवडते. माझी अकरा वर्षांची मुलगी अशा दोन शिबिरांना जाऊन आली आहे, आणि दुसऱ्या शिबिरात औषधपेटी व स्वयंपाकघर सांभाळण्यासाठी मी स्वतः सहा दिवस राहिले होते. त्यावरून माझे असे मत झाले आहे की या दोन गोष्टी वेळापत्रकात एकीखाली एक लिहून मुलांपर्यंत पोहोचत नाहीत. त्या एकमेकींत मिसळून शिकवाव्या लागतात.

पहिल्या शिबिरात सगळा कारभार शिट्टीवर चालत असे. उशीर झाला की बैठका, रांग मोडली की बैठका, आणि जंगलातली फेरी म्हणजे घोषणा देत केलेली दीड तासाची चाल. चौथ्या दिवशी मुलांच्या हाती दांडपट्टा देण्यात आला. पट्ट्याच्या मुठीवरच्या लोखंडी खोळीत हात जवळजवळ कोपरापर्यंत अडकलेला असतो आणि मनगट वळवता येत नाही, त्यामुळे त्या लवचीक पात्याची फेक खांद्यातून, कमरेतून आणि पावलांतून यावी लागते. ज्या मुलांची पावले अजून बसलेली नाहीत त्यांच्या हाती चौथ्या दिवशी ते हत्यार देणे मला धोक्याचे वाटते, आणि त्या कलेवर अन्यायाचेही. मुलगी प्रमाणपत्र घेऊन घरी आली. तुमच्या तंबूवर सावली कोणत्या झाडाची होती, असे मी विचारले, तर तिला सांगता आले नाही.

दुसरे शिबिर अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या रांगेतल्या एका वाडीजवळ मे महिन्याच्या अखेरीस होते. शिकवायला कोल्हापूरकडच्या तालमीत वाढलेले एक वस्ताद आले होते. त्यांनी पहिले दोन दिवस कोणाच्याही हाती काठी दिली नाही, फक्त पवित्रा करून घेतला: पाऊल कुठे पडते, वजन कोणत्या पायावर आहे, मागचा पाय उचलताना कंबर डगमगते का. मुले कंटाळली, हे खरे आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी वाडीतले एक महादेव कोळी आजोबा मुलांना डोंगरावर घेऊन गेले आणि उतरताना मुरमाड घसरणीवर काठी कशी टेकायची ते त्यांनी दाखवले. काठी उताराच्या वरच्या अंगाला ठेवायची, आधी पाऊल चाचपायचे आणि मगच त्यावर भार टाकायचा. वस्ताद ते पाहत उभे राहिले आणि मुलांना म्हणाले, ‘‘दोन दिवस मी हेच सांगतोय.’’ त्यानंतर पवित्र्याबद्दल कोणीही कुरकुर केली नाही.

सह्याद्रीतल्या माणसाच्या हातातली काठी गवतातून जाताना पुढची जमीन ठोकते, ओढ्याच्या पाण्याची खोली मोजते, करवंदाची काटेरी जाळी बाजूला सारते, आणि वेळ आली तर जनावर हुसकावून लावते. लाठीचा खेळ याच हातांतून वाढला असावा, असे मला वाटते. मुलांना आधी ही रोजच्या कामाची काठी कळली, की शीर, तमाचा, बाहेरा हे वार शिकताना ती डोळे उघडे ठेवून शिकतात. युद्धकलेने मुले भांडखोर होतील अशी भीती माझ्या काही मैत्रिणींना वाटते. मी पाहिलेले सांगते: समोरच्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर काठी थांबवता आली नाही, तर वस्ताद ती काढून घेत आणि पुन्हा पवित्र्याला उभे करत. मारण्यापेक्षा हात आवरणे किती अवघड आहे, हे मुलांना अंगानेच कळत होते.

चौथ्या रात्री काजवे पाहायला गेलो. पावसाच्या आधीच्या त्या दोन-तीन आठवड्यांत हिरडा, बेहडा, सादडा यांसारख्या झाडांवर ते हजारोंनी लुकलुकतात. ती लुकलुक म्हणजे नराने मादीला दिलेली खूण असते, आणि विजेरीच्या किंवा मोबाईलच्या उजेडात ती खूणच हरवते. अळीच्या रूपात बराच काळ ओलसर मातीत काढल्यावर त्या किड्याला एवढेच थोडे दिवस मिळतात. म्हणून सगळे मोबाईल वाडीतच ठेवले होते. चाळीस मुले अंधारात, दिवसा शिकलेल्या पावलांनी, आवाज न करता पाऊण तास चालली. या शिबिरातला सर्वांत चांगला युद्धकलेचा तास मी तोच मानते, आणि निसर्गाचाही.

आता ज्या गोष्टी पत्रकात नसतात आणि पालकांनी विचारल्याच पाहिजेत, त्यांबद्दल. मे महिन्यात सकाळी अकरा ते चार या वेळात मुलांना उन्हात श्रम करायला लावू नयेत. ही कणखर होण्याची वेळ नव्हे, ऊन लागण्याची आहे. झोपण्याची सोय जमिनीवर आहे की खाटेवर, हे विचारा, कारण मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांनाच बहुधा चावते. सर्पदंशावरचे प्रतिविष असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, याचे उत्तर आयोजकाला न अडखळता देता आले पाहिजे. मुलींसोबत रात्री कोण थांबते, हेही विचारा, आणि विचारताना संकोच करू नका.

पाण्याचा प्रश्न मला याहूनही टोचतो. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, अकरा आपल्याकडचे आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी, आणि त्या आनंदात गडांवर शिबिरे घेण्याचा उत्साह वाढणे स्वाभाविक आहे. परंतु मे महिन्यात गडावरच्या टाक्यांत जे पाणी उरते ते वाटसरूंचे, पाखरांचे आणि गुरांचे असते. पायथ्याच्या कित्येक वाड्यांत बायका त्या दिवसांत लांबून हंडे आणतात, तिथे साठ मुलांनी दोन वेळा अंघोळ करणे मला पटत नाही. आमच्या शिबिराने पाण्याचा टँकर स्वतःच्या खर्चाने आणला होता आणि मुलांना माणशी रोज एक बादली मिळत असे. आजोबांना मात्र वस्तादांच्या निम्मेही मानधन दिले गेले नाही, आणि याबद्दल मी तिथेच हरकत घेतली. झाडाचे नाव, पाखराची शीळ, वाऱ्याची दिशा हे त्यांचे शिक्षण आयुष्यभराचे आहे, आणि त्यांना मदतनीस म्हणून नोंदवणे चूक आहे.

येत्या मे महिन्यासाठी मी आयोजकांना दोन गोष्टी लेखी कळवल्या आहेत: आजोबांचे मानधन वस्तादांइतके असावे, आणि एक पूर्ण दिवस वेळापत्रकाविना मोकळा ठेवावा. पहिली त्यांनी मान्य केली. दुसरीवर मुले कंटाळतील असे त्यांचे म्हणणे आहे, आणि सध्या आम्ही अर्ध्या दिवसापर्यंत येऊन पोहोचलो आहोत.