ग्रंथपालाशिवाय चालणारे परदेशी विद्यापीठ कोणते?

नाशिकमधील प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर सध्या वारंवार पुढे पाठवला जात आहे. परदेशी विद्यापीठांनी कपाटे हटवली, ग्रंथपालांना निरोप दिला, सारे काही इंटरनेटवर फुकट मिळते. तेव्हा आपल्या महाविद्यालयांनीही ग्रंथपालाचे रिक्त पद भरण्यापेक्षा संगणक कक्ष वाढवावा, असा त्याचा आशय आहे. पदभरती आधीच रखडलेली असताना असा मजकूर बिनविरोध फिरू देणे योग्य नाही.

अमेरिकेतील फ्लोरिडा पॉलिटेक्निक विद्यापीठाने २०१४ मध्ये छापील पुस्तकांविना ग्रंथालय उघडले, हे खरे आहे. मात्र त्या ग्रंथालयालाही ग्रंथपाल होते. ई-पुस्तके निवडायची आणि विद्यार्थ्यांना शोध घ्यायला शिकवायचे, तर माणूस लागतोच.

‘सारे काही फुकट मिळते’ हा दावा तर निराधार आहे. संशोधन नियतकालिकांची वर्गणी इतकी वाढली की कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्सव्हिअर या बलाढ्य प्रकाशनसंस्थेशी चाललेली बोलणी थांबवली. मार्च २०२१ मध्ये नवा करार झाला आणि त्यातून विद्यापीठातील संशोधकांचे लेख जगाला मुक्तपणे वाचता येण्याची वाट मोकळी झाली. या वाटाघाटींत विद्यापीठाचे ग्रंथपाल आघाडीवर होते. मधल्या काळात अडलेले लेख आंतरग्रंथालयीन देवघेवीतून, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयांकडून मागवून, मिळवून देण्याचे कामही त्यांनीच केले. आज जे फुकट दिसते, त्यातील काही अशा झगड्यातून मोकळे झाले आहे.

‘कृत्रिम बुद्धिमत्ता संदर्भ शोधून देते’ असेही त्या मजकुरात आहे. द्राक्षांवरील भुरी रोगाचा प्रकल्प करणारा विद्यार्थी असा संदर्भ घेऊन ग्रंथालयातील देवघेवीच्या टेबलाशी येतो. लेखक, खंड, अंक, पृष्ठ सारे बिनचूक लिहिलेले असते. तो अंक उघडला, की त्या पानावर भलताच लेख निघतो, आणि सांगितलेला लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. जगभरच्या विद्यापीठांतील ग्रंथपाल आज हीच तक्रार करीत आहेत.

ग्रंथपालनात आपण केवळ परदेशाकडून घेत आलो, हा समजही अपुरा आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना बडोद्याला बोलावले, हे जितके खरे, तितकेच भारतीय ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री परदेशी अभ्यासक्रमांत शिकवली जाते, हेही खरे.

राहिला संगणक कक्षाचा प्रश्न. एन-लिस्ट या महाविद्यालयांना ई-साहित्य पुरवणाऱ्या योजनेतील साहित्य वाचण्यासाठी महाविद्यालयाला आधी नोंदणी करावी लागते, मग वाचकांची खाती उघडून द्यावी लागतात आणि त्यांचा वापर शिकवावा लागतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ याच शहरातून ग्रंथालयशास्त्राची पदवी देते. हे काम जाणणारी माणसे येथे तयार होत असताना त्यांची पदे रिकामी का ठेवायची, याचे उत्तर तो मजकूर पाठवणाऱ्यांनी द्यावे.