आकाशाएवढा मी आणि दोन प्लेट पोहे

इंदूरमध्ये राहून स्वतःला प्लास्टिकची पिशवी समजणं धोक्याचं आहे. २०१७ पासून आमचं शहर स्वच्छतेत पहिलं येतंय. इथे वाऱ्यावर भिरभिरणारी पिशवी दिसली, की कोणीतरी तिला पकडून सुक्या कचऱ्यात कोंबतंच. केटी पेरीला हे ठाऊक नसणार. तिच्या २०१० सालच्या 'फायरवर्क' गाण्याची सुरुवातच मुळी, तुला कधी वाऱ्यावर भरकटणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीसारखं वाटतं का, या चौकशीने होते. आणि थोड्या वेळात तोच श्रोता फटाका होऊन आभाळ उजळायला लागतो.

हे गाणं मला मुलीने औषध म्हणून दिलं. दुखणं जुनं आहे : चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. रामबागेतल्या गणपतीत नाटक कुठलंही असो, माझ्या वाट्याला भालाधारी शिपाईच यायचा. "बाबा, तुमचा कॉन्फिडन्स फार लो आहे," असं निदान करून तिने माझ्या मोबाईलमध्ये गाणी भरली. सकाळी फिरताना ऐकायची, नागा करायची नाही.

पथ्यासारखी ऐकली. एकात सिया ही गायिका सांगते, मी टायटॅनियमची आहे, गोळ्या झाडल्या तरी त्या आपटून परत जातात. माझ्या ओळखीतलं टायटॅनियम म्हणजे शेजारच्या काकूंच्या मांडीत बसवलेली पट्टी, आणि त्यांना गोळ्या सकाळ-संध्याकाळ घ्याव्या लागतात. पुन्हा केटीबाई : 'रोअर', २०१३. यात नजर वाघाची आणि डरकाळी सिंहाहून मोठी. आम्हा मध्य प्रदेशवाल्यांना हा घोळ नवा नाही. आमच्या कूनोच्या जंगलात गीरचे सिंह यायचे म्हणून वाट बघितली, २०२२ मध्ये नामिबियाहून चित्ते आले.

पण थट्टा पुरे, औषध लागू पडतं. का पडतं, यावर मी नेहरू पार्कात बराच विचार केला आहे. "तू हुशार आहेस" असं कोणी म्हणालं, की मन ताबडतोब दहावीची गुणपत्रिका काढून समोर ठेवतं. "तू फटाका आहेस" याच्याविरुद्ध कुठला कागद काढणार? उपमेची उलटतपासणी होत नाही. त्यात आधी पिशवी म्हणून घेतल्यामुळे पटतं, की बाईंना आपली घरची परिस्थिती नीट माहीत आहे.

ही चाल मात्र तिची नव्हे. माझी आजी पोळ्या लाटताना म्हणायची, 'अणुरेणियां थोकडा, तुका आकाशाएवढा'. आधी अणूहून बारीक, मग एकदम आकाश. मधे जिना नाही. पाच जावांच्या त्या घरात आजीचा शब्द कोणी खाली पडू देत नसे, ते उगीच नाही. अर्थात तुकोबांनी आकाशाएवढं झाल्यावर देहही गिळून टाकला होता. ती पायरी पॉपवाले गाळतात. मीही गाळली, कारण पोहे खायला देह लागतो.

खरी परीक्षा पोह्यांचीच. रविवारी सकाळी आमच्याकडे पोह्यांच्या दुकानासमोर रांग नसते, अर्धवर्तुळ असतं. मधे उकळत्या पाण्यावर ठेवलेली परात, तिच्यात वाफाळणारे पिवळेधमक पोहे. दुकानदार एका हाताने कागदाच्या बशीत पोहे लोटतो, दुसऱ्याने शेव, कांदा आणि जीरावन मसाला भुरभुरवतो, आणि मान वर करतो ती फक्त ओरडणाऱ्याकडे. "भिया, चार प्लेट! एक में सेव तेज!" माझं "भैया, ज़रा..." त्या वाफेतच विरतं. माझ्यामागून आलेली शाळकरी पोरं खाऊन, हात पुसून, जिलबीकडे वळलेली असतात आणि मी दहाची नोट घामाने भिजवत उभा. शेवटी परात खरवडल्याचा आवाज येतो. घरी आलो की बायको काही विचारत नाही, सरळ रवा भाजायला घेते.

एका रविवारी मी कानात गाणं लावूनच गेलो. फटाका फुटायची ओळ आली आणि माझ्या तोंडून निघालं, "भिया! दो पोहा! जीरावन मार के!" कानात ढोल वाजत असल्याने आवाज किती चढला, ते मला कळलंच नाही. दुकानदाराचा हात शेवेच्या डब्यात थबकला. शाळकरी पोरांनी वाट दिली. पहिली बशी माझी!

तेवढ्यात कोणीतरी कोपर ओढलं. कापडी पिशवी घेतलेले, माझ्याच वयाचे एक गृहस्थ अगदी हळू म्हणाले, "मराठी ना आपण? आमचेही दोन सांगता का?" सांगितले. त्यांच्यामागे आणखी एक होते, त्यांचेही सांगितले.

आता दर रविवारी ही मंडळी माझ्यासाठी थांबून असतात. मागच्या आठवड्यात मी तापाने झोपलो होतो, तर पिशवीवाल्यांनी नातवाला घरी पिटाळलं : "आजोबांनी विचारलंय, काका ओरडायला येणार आहेत का? नाहीतर आजी उपमा टाकतेय."