‘आय७ घ्या, बाकी बघू नका’ हा सल्ला कोकणात का चालत नाही

कॉलेजप्रवेशाचे दिवस आले की व्हॉट्सअॅपच्या गटांत लॅपटॉपखरेदीचा एक सल्ला फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे, मुद्दे मात्र तेच: प्रोसेसर इंटेलचा आय७च घ्या, आय५ दोन वर्षांत जुना होतो, ग्राफिक्स कार्ड हवंच, रॅम नंतर वाढवता येते, स्क्रीन फुल एचडी असली की झालं, बॅटरीकडे बघू नका, लॅपटॉप शेवटी चार्जरवरच चालतो, आणि बॅटरी टिकवायची तर ती पूर्ण उतरवूनच चार्ज करा. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत या सल्ल्यावर विसंबून लोक पन्नास-साठ हजार रुपये मोजतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून बघायला हवा. वेग, स्क्रीनचा उजेड आणि बॅटरीचे तास ही एकाच हिशेबातली तीन कलमं आहेत आणि तो हिशेब वॅटमध्ये होतो. फॉरवर्डमध्ये वॅटचा पत्ताच नाही, आणि कोकणात तर नेमकी तिथेच अडचण आहे.

‘आय७च घ्या’

इंटेलच्या १२व्या पिढीतले दोन प्रोसेसर शेजारी ठेवून बघा: आय५-१२३५यू आणि आय७-१२५५यू. दोन्हींत वेगवान कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) २, कमी वीज खाणारे काटकसरी कोअर ८, थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं) १२, मूळ वीजमर्यादा १५ वॅट. फरक कमाल वेगाचा, ४.४ आणि ४.७ गिगाहर्ट्‌झ, आणि थोडा आतल्या ग्राफिक्सचा, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेल्या चित्र दाखवणाऱ्या भागाचा. टॅली, एक्सेल, ऑनलाइन वर्ग, क्रोमच्या वीस टॅब यांत हा फरक कळूनही येत नाही. आता त्याच पिढीतला आय५-१२४०पी घ्या: वेगवान कोअर ४, काटकसरी ८, थ्रेड १६, मूळ मर्यादा २८ वॅट. सलग चालणाऱ्या जड कामात हा आय५ त्या आय७ला मागे टाकतो. म्हणजे आय५-आय७पेक्षा नावाच्या शेवटचं अक्षर जास्त बोलतं: यू म्हणजे कमी विजेचा, पी मधला, एच म्हणजे ४५ वॅटच्या घरातला.

एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरांतही हीच गत. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू या नावांत एका आकड्याचा फरक, पण पहिल्यात जुन्या झेन २ रचनेचे ४ कोअर आणि दुसऱ्यात झेन ३चे ६. त्या ७००० मालिकेत तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो. दुकानात ‘रायझन ५ आहे’ एवढ्यावर थांबू नका, पूर्ण क्रमांक मागून घ्या.

शिवाय कोकणातला उकाडा. आय७-१२५५यू थोडा वेळ ५५ वॅटपर्यंत चढू शकतो, पण बारीक अंगाच्या लॅपटॉपमध्ये ती उष्णता बाहेर टाकायला जागा नसते. बहुतेक लॅपटॉप-चिप साधारण १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग उतरवतात. एसीच्या खोलीत हवा २४ अंशांची, मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीत ३३-३४ अंशांची. हवा जितकी गरम, तितकी चिपला चढायला जागा कमी. त्यामुळे जास्तीचे पैसे देऊन घेतलेला वेग पहिल्या मिनिटापुरता दिसतो आणि मग तोच लॅपटॉप १५-२० वॅटवर येऊन बसतो. म्हणून परीक्षणांत ‘सलग किती वॅट धरतो’ हे शोधा. सिनेबेंच ही वेग मोजणारी चाचणी सलग दहा मिनिटं चालवून पहिला आणि शेवटचा गुण बघितला की थंड करण्याची व्यवस्था कशी आहे ते उघड होतं.

समुद्राकाठी खारी, दमट हवा पंख्यातून आत जाते, पात्यांवर धूळ चिकटते, पोर्टांचे धातू गंजतात. वर्षाला एकदा आतून सफाई करून घ्या. पावसाळ्यात लॅपटॉप पंधरा-पंधरा दिवस बंद कपाटात ठेवू नका, अधूनमधून तासभर चालवा. आतल्या उबेने दमटपणा कमी होतो.

‘ग्राफिक्स कार्ड हवंच’

गेम, ब्लेंडर सॉफ्टवेअर, थ्रीडी रेंडरिंग ही कामं असतील तर हवं. ऑटोकॅडमधली साधी टूडी रेखाटनं, प्रोग्रामिंग, बीकॉमचा अभ्यास, होमस्टेचं बुकिंग यांना ते लागत नाही. घ्यायचंच असेल तरी नुसतं नाव पुरत नाही. एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ४०५० हे एकच कार्ड लॅपटॉपनुसार ३५ ते ११५ वॅटमध्ये येतं आणि त्या दोन टोकांतला वेगाचा फरक मोठा असतो. बॅटरीवर तर कार्डाला पूर्ण वॅट मिळतच नाहीत, त्यामुळे लाईट गेली की वेगही गेला.

तारकर्ली-मालवणला व्हिडिओचं काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. बरेच कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी, म्हणजे रंगांची जास्त माहिती दाबून साठवलेलं, चित्रण देतात. ते सहज उलगडण्याची सोय इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच प्रोसेसरांच्या आतल्या ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियाच्या ५० मालिकेआधीच्या कार्डांत ती नाही. अशा एडिटिंगला महाग कार्डापेक्षा नीट निवडलेला प्रोसेसर उपयोगी पडतो.

‘रॅम नंतर वाढवता येते’

आता बऱ्याच बारीक लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती कधीच वाढत नाही. मोकळा स्लॉट आहे का, हे घेण्याआधी विचारा. नसेल तर १६ जीबीच घ्या. स्लॉट असून रॅमची एकच पट्टी असेल तर आतल्या ग्राफिक्सचा वेग घटतो. इंटेलचं आयरिस एक्सई हे आतलं ग्राफिक्स एका पट्टीवर नुसतं ‘यूएचडी’ म्हणून दिसतं, ते याचमुळे.

‘स्क्रीन फुल एचडी असली की झालं’

फुल एचडी म्हणजे फक्त ठिपक्यांची संख्या. स्क्रीन किती उजळ आणि तिचे रंग किती खरे, हे त्यातून कळत नाही. स्वस्त लॅपटॉपांत सर्रास २५० निट (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं एकक) आणि ‘४५ टक्के एनटीएससी’ (एनटीएससी ही रंगांची जुनी मोजपट्टी) असं पॅनेल येतं. शहरातल्या बंद खोलीत ते खपून जातं. कोकणात मात्र रेंज मिळते ती पडवीत, आणि काम तिथेच बसून करावं लागतं. अंगणातल्या उन्हाचा उजेड समोर असताना २५० निटच्या स्क्रीनवर आधी स्वतःचा चेहरा दिसतो, मग एक्सेलचे रकाने. पडवीत बसणाऱ्याने ४०० निटच्या खाली जाऊ नये. आत बसून काम असेल तर ३०० चालेल. पृष्ठभाग मॅट हवा. ओएलईडी स्क्रीनचे रंग सुंदर, पण ती बहुतेक चकचकीत काचेत येते आणि पांढऱ्या पानावर वीज जास्त खाते. दिवसभर वर्ड-एक्सेल करणाऱ्याला तिचा फारसा फायदा नाही.

रंगांचं गणित देवगडच्या आंबाव्यापाऱ्याला लगेच पटेल. ४५ टक्के एनटीएससीचं पॅनेल एसआरजीबी या संगणक-मोबाइलवरच्या प्रमाण रंगपट्ट्याचा साधारण दोन-तृतीयांशाहून थोडा कमीच भाग दाखवतं. त्यावर पिकलेल्या हापूसचा केशरी-पिवळा फिका, मातकट दिसतो. फोटो सुधारायला म्हणून रंग चढवला जातो, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर तोच आंबा भडक नारिंगी होऊन पोचतो. पेटी घरी गेली की ‘फोटोतला आंबा वेगळा होता’ ही तक्रार येते. फोटो, पत्रिका, बॅनर यांचं काम असेल तर १०० टक्के एसआरजीबी, किंवा ७२ टक्के एनटीएससी, असं लिहिलेलंच पॅनेल घ्या. एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन-तीन वेगळी पॅनेलं विकली जातात, म्हणून बिलावरच्या पूर्ण मॉडेल क्रमांकाचं पॅनेल तपासा.

दुकानात लॅपटॉप ट्यूबलाइटखाली बघू नका, दरवाज्यापाशी आणा. ब्राइटनेस पूर्ण करा, पांढरं पान उघडा, मग दोन्ही बाजूंनी आणि वरून बघा. कडेने रंग उलटे किंवा काळपट दिसले तर पॅनेल हलकं आहे.

प्रोसेसर उन्नीस-बीस असला तरी वर्षभरात सवय होते. स्क्रीन रोज आठ तास डोळ्यांसमोर असते आणि ती नंतर बदलणं परवडत नाही.

‘बॅटरीकडे बघू नका’

माडाचं झाप तारेवर पडलं की वायरमन येईपर्यंत चार-पाच तास लाईट नाही, हे जूनपासून नेहमीचं आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात धडकलं, तेव्हा कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. तेवढ्याला कुठलीच बॅटरी पुरणार नाही, पण रोजच्या चार-पाच तासांना पुरायलाच हवी.

हिशेब साधा आहे: बॅटरीचे वॅट-अवर, म्हणजे तिच्यात साठणारी वीज, भागिले लॅपटॉप खातो ते वॅट. १५.६ इंची लॅपटॉप मध्यम ब्राइटनेसवर, ब्राउझर चालू ठेवून, साधारण ९ वॅट घेतो. ४२ वॅट-अवरची बॅटरी म्हणजे साडेचार तास. व्हिडिओ कॉलवर तोच १६ वॅटच्या आसपास जातो, म्हणजे अडीच तास. पडवीत ब्राइटनेस पूर्ण केला की दोन-तीन वॅट आणखी. दीड-दोन वर्षांनी क्षमता ८० टक्क्यांवर आली की साडेचारचे साडेतीन-पावणेचार होतात. ६० वॅट-अवर असतील तर सुरुवात साडेसहा तासांपासून होते. आकडा मिलिअॅम्पिअरमध्ये दिला असेल तर व्होल्टेजने गुणा: ११.५५ व्होल्ट, ३६४० मिलिअॅम्पिअर-अवर म्हणजे ४२ वॅट-अवर. जाहिरातीतल्या ‘१२ तासां’खालची बारीक अक्षरंही वाचा. बहुतेकदा ती चाचणी १५० निटच्या मंद उजेडात व्हिडिओ चालवून केलेली असते.

पन्नास-साठ हजारांच्या टप्प्यात आमचा कौल स्पष्ट आहे. आय७, २५० निट आणि ४२ वॅट-अवरपेक्षा आय५ किंवा ६ कोअरचा रायझन ५, १६ जीबी, ३०० ते ४०० निटचं चांगलं पॅनेल आणि ५५-६० वॅट-अवर.

टाइप-सी पोर्टातून चार्ज होतो का, हेही विचारा. काही स्वस्त लॅपटॉपांचं टाइप-सी फक्त डेटाचं असतं. चार्ज होत असेल तर २०,००० मिलिअॅम्पिअरची पॉवर बँक, म्हणजे ७४ वॅट-अवर, रूपांतरातली घट जाऊन ४२ची बॅटरी एकदा भरून थोडी उरते. मात्र तिचं आउटपुट २० व्होल्टचं, ४५ किंवा ६५ वॅट पॉवर डिलिव्हरीचं हवं. फोनच्या २२.५ वॅटच्या पॉवर बँकेने बहुतेक लॅपटॉप चार्जच होत नाहीत. गेमिंग लॅपटॉपचा अॅडॉप्टर १८०-२३० वॅटचा असतो. घरच्या लहान इन्व्हर्टरवर दोन पंखे नि दिव्यांसोबत तो जड जातो, आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गुरगुरून तापतोही. घरी इन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर प्युअर साइन वेव्हचा घ्या.

‘पूर्ण उतरवूनच चार्ज करा’

हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. लिथियम बॅटरीला तो मारक आहे. तिला झिजवतात त्या तीन गोष्टी: उष्णता, सतत १०० टक्के भरलेलं राहणं आणि वारंवार शून्याला जाणं. २०-२५ टक्क्यांवर चार्जर लावा. दिवसभर चार्जरवरच काम असेल तर कंपनीच्या अॅपमधून किंवा बायोसमधून, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमधून, ८० टक्क्यांची मर्यादा घाला. महावितरणचा देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा मेसेज आला, किंवा वादळाचा इशारा आला, की आदल्या रात्री मर्यादा काढून पूर्ण भरा, आणि काम झालं की पुन्हा लावा.

नवा किंवा जुना लॅपटॉप घेतल्यावर बदलून देण्याची मुदत संपायच्या आत विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक मोकळी जागा, तिरपी रेघ आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. तयार होणाऱ्या फाइलमध्ये ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे शेजारी दिसतात. नव्या लॅपटॉपमध्ये ते जवळजवळ सारखे हवेत. दुसरा दहा टक्क्यांनी कमी असेल तर माल गरम गोदामात बराच काळ पडून असण्याची शक्यता मोठी. तो अहवाल दाखवून दुकानदाराकडे बदलून मागा.